नवा माणूस आधी बोलेल

लोक डोंगरात शिखरं गाठायला जातात आणि सुमनअक्का परत फिरायला जातात, असं आमच्या ऑफिसात म्हणत. म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. थंडी सुरू होता होता त्या लांबलचक रजा टाकायच्या, हिमाचलात जायच्या, आणि परत आल्यावर कुणी विचारलं की शांतपणे सांगायच्या, "खिंड नाही ओलांडली. फिरलो मागं." चेहऱ्यावर कमीपणाचा मागमूस नाही. पुण्याच्या माणसाला हे समजत नाही. आम्ही सिंहगड अर्ध्यातून उतरलो तरी घरी पूर्ण सांगतो.

सुमन चौगुले मूळ बेळगावच्या. बंगळुरात त्यांचा अर्धा जन्म गेला होता, त्यामुळे मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात त्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस पांढरे आणि आखूड. नेसायच्या सुती साड्या. दसरा झाला की त्या साडीखाली भलेथोरले डोंगरी बूट दिसायला लागायचे. नवे बूट डोंगरात नेऊन पाय सोलून घेण्यापेक्षा ऑफिसात मुरवलेले बरे, हा त्यांचा हिशेब. एकदा परदेशातून आलेले पाहुणे त्या बुटांकडे बघत राहिले, तर अक्का म्हणाल्या, "स्वल्प काम आहे पुढच्या महिन्यात." पाहुण्यांनी मान डोलावली. काय समजले देव जाणे.

दुसरी खोड उतार मोजायची. दिसला उतार की डोळा बारीक करून अंश सांगायच्या. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर रिक्षा अडकली की रिक्षावाल्याला ऐकवायच्या, हा काहीच नाही, ह्यावर बर्फ निवांत झोपेल. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर मात्र त्या गंभीर व्हायच्या. "हा तीस अंश आहे बघ," मला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "इथनं पुढं बर्फ सुटायला लागतो. सरकता जिना डोक्यात ठेव. डोंगरात गेल्यावर विचार, हा उतार जिन्यापेक्षा उभा आहे काय? उभा असला तर तोंड बंद करायचं आणि डोकं चालू करायचं." तेव्हापासून मी सरकत्या जिन्यावर निर्धास्त उभा राहू शकलेलो नाही.

हिमस्खलन हा शब्द त्यांना आवडायचा नाही. फार लांब आहे, म्हणून होईपर्यंत माणूस गाडला जाईल, असं म्हणायच्या. त्यांचा शब्द 'सुटणं'. उतार सुटला, बर्फ सुटला. आणि सुटण्याबद्दल त्यांचा सगळा राग एका समजुतीवर होता. ती समजूत माझीही होती, आणि मी ती त्यांच्याच बेळ्ळंदूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवली. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ असतो किती, म्हटलं, गुडघाभर. एवढ्याशा बर्फात काय होणार?

अक्कांनी भाजी वाढता वाढता हात थांबवला. एक रिकामं स्टीलचं ताट घेतलं, त्यावर पुरणपोळी ठेवली आणि ताट एका बाजूनं उचललं. पोळी जागची हलली नाही. मग पोळी काढून ताटभर साखर पसरली, पोळी वर ठेवली, हलकेच थोपटली आणि ताट पुन्हा तेवढंच उचललं. पोळी सरळ माझ्या मांडीवर आली.

"आता त्या पोळीवर तू उभा होतास," त्या म्हणाल्या.

मग समजावलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो, पातळ. सावलीच्या बाजूला तो वितळत नाही, नुसता पडून राहतो. वर आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी, खाली जमीन त्या मानानं उबदार. त्या ओढाताणीत त्याची साखर होते, सुटे सुटे दाणे, एकमेकांना न धरणारे. डिसेंबरात त्यावर नवा बर्फ पडतो, वारा आणखी आणून टाकतो. वरून सगळं पांढरं, गुळगुळीत, देखणं. आत साखर. आणि बर्फ थोडाच असल्यामुळं खालचे दगड झाकलेले असतात पण पुरलेले नसतात, म्हणजे सुटलात तर त्या दगडांवरून खरवडत जायचं. "थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, असं म्हणणारा माणूस माझ्याबरोबर येत नाही," अक्का म्हणाल्या. "पोळी खा आता. साखर लागलीय, गोड लागेल." त्यांचे यजमान अनिलभाऊ सगळा वेळ शांतपणे जेवत होते. हा प्रयोग त्यांनी किती पाहुण्यांवर बघितला असेल कोण जाणे.

अक्कांबरोबर डोंगरात जाणाऱ्या आमच्या गटाची खरी शाळा भरायची रविवारी, बेळ्ळंदूरलाच. तिथं एका बांधकामापाशी वाळूचा मोठा ढीग होता आणि तिथला मुकादम अक्कांच्या ओळखीचा होता. बर्फात जाताना प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधायचं असतं, ट्रान्सीव्हर. एरवी ते आपला संदेश सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधण्याच्या बाजूला वळवायची, अंतराचा आकडा कमी होत जाईल तसं त्या माणसापर्यंत पोचायचं, लांब सळई खुपसून तो नेमका कुठं आहे ते बघायचं आणि फावड्यानं खणायचं. हे सगळं पाव तासाच्या आत, कारण बर्फाखालचा श्वास त्यापुढं फार पुरत नाही. मदत बोलवायला वेळच नसतो. जे बरोबर आहेत तीच मदत.

यासाठी अक्कांनी एक गोणी शिवली होती. तिला अनिलभाऊंचा जुना स्वेटर घातलेला आणि पोटात ट्रान्सीव्हर. तिचं नाव मामा. मामा गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून यायचे. अक्का पहाटे कुणी नसताना मामांना वाळूत पुरायच्या आणि मग आम्हाला शिटी. आम्ही पळत सुटायचो, आदळायचो, चुकीच्या बाजूला खणायचो. उशीर झाला की ढिगाच्या टोकावरून अक्का घड्याळ बघत जाहीर करायच्या, "गेले मामा." मग चहा. चहा पिताना कुणी हसलं तर चालायचं नाही, कारण मामा गेलेले असायचे.

एका रविवारी नवा वॉचमन होता. आठ-दहा सुशिक्षित माणसं वाळू उपसताहेत हे बघून तो धावत आला आणि अक्कांना कन्नडमध्ये विचारता झाला, काय शोधताय अक्का? अक्कांचं सगळं लक्ष घड्याळाकडं. त्यांनी खरं ते सांगितलं, माणूस. त्या बिचाऱ्यानं फोन काढला. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं स्वेटरची बाही ओढून वर काढली. वॉचमन मटकन खालीच बसला. त्याला चहा पाजून, गोणी उघडून दाखवून, मुकादमाशी बोलणं करून देईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पुढच्या रविवारी मात्र तोच आम्हाला ओरडून सांगत होता, डावीकडं, अजून डावीकडं. अक्कांनी त्याला सक्त ताकीद दिली की मामा कुठे पुरलेत ते सांगायचं नाही.

पण अक्कांचं खरं शिकवणं मामा काढण्यात नव्हतं. त्या म्हणायच्या, मामा काढायची वेळ आली म्हणजे आपण आधीच कुठंतरी नापास झालोय. खरं शिक्षण त्यांच्या एका नियमात होतं आणि तो त्या डोंगराइतकाच ऑफिसातही चालवायच्या. निर्णयाची वेळ आली की सगळ्यांत नवा माणूस आधी बोलेल. सगळ्यांत अनुभवी शेवटी. एकानं नको म्हटलं की सगळ्यांचं नको. आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारण द्यायचं ते हो म्हणणाऱ्यानं.

ऑफिसात यामुळे बड्या साहेबांची फार पंचाईत व्हायची. एखादं सॉफ्टवेअर बाहेर पाठवायचं की नाही यावर बैठक असायची, साहेब खुर्चीत पुढं सरकून "आय थिंक" म्हणायला तोंड उघडायचे, आणि अक्का महिन्यापूर्वी लागलेल्या पोरीकडं वळायच्या. "तू बोल. काय वाटतं?" साहेबांचं तोंड तसंच. एकदा त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंय. अक्का म्हणाल्या, "सर, तुम्ही आधी बोललात की ती काय बोलणार? मग आपल्याला तुमचंच मत दोनदा ऐकायला मिळतं." साहेबांना ते पटलं नाही, पण पुढं ते थांबायला शिकले.

आता त्या खिंडीबद्दल. अक्का तरुणपणी एका गिर्यारोहणाच्या शिबिराला गेल्या होत्या. तेव्हा दरीच्या टोकाला ती त्यांनी पहिल्यांदा बघितली. दोन काळ्या सुळक्यांमध्ये पांढरा खोलगट भाग, आणि तिथवर जाणारा एकच रुंद उतार. तेव्हापासून त्यांना पलीकडं काय आहे ते बघायचं होतं. बाकी काही कारण नाही. मी एकदा म्हटलं, नकाशात बघा, उपग्रहाच्या फोटोत दिसेल. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी विषय बदलला. उन्हाळ्यात ती सोपी आहे, तेव्हा जा, असंही लोक सांगायचे. त्यांना ती बर्फात, पहिल्यांदा दिसली तशीच ओलांडायची होती. दोनदा त्या उताराच्या पायथ्यापासून परत आल्या होत्या. एकदा आदल्या दिवशी जोराचा वारा होता म्हणून, आणि एकदा सपाटीवरून चालताना पायाखालचा बर्फ घप्प आवाज करून खचला म्हणून. तो आवाज म्हणजे आतली साखर बसली. मग पुढं जायचंच नाही.

तिसऱ्या खेपेला मीही होतो. निघण्याआधी डॉक्टरांनी अक्कांना सांगून टाकलं होतं की गुडघे दोन्ही गेलेत, परत आल्यावर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन बर्फात जाणं विसरायचं. म्हणजे ही शेवटची खेप. अक्कांनी हे आम्हा सगळ्यांना स्वच्छ सांगितलं. "लपवलं तर तुम्ही मागनं कुजबुजाल," म्हणाल्या, "आणि मग माझ्यासाठी म्हणून हो म्हणाल. तसं करायचं नाही."

त्या वेळी सगळ्यांत नवे होते शिरीष वानखेडे. नागपूरचे, पंचेचाळिशीचे, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीत. दांडगा माणूस आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बंगळुरातल्या यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसल्यापासून त्यांनी आम्हाला मेळघाटातली अस्वलं, ताडोबातले वाघ आणि नागपूरचा उन्हाळा यांच्याशी झालेल्या आपल्या सामन्यांची वर्णनं ऐकवली. "मी तर सांगून राहिलो, भीती हा प्रकारच आपल्याकडे नाही," हे त्यांचं पालुपद. अक्का कौतुकानं ऐकायच्या. मला वाटलं, हा गडी निदान नको म्हणणार नाही.

खिंडीच्या पायथ्याशी पोचलो ती सकाळ मी विसरणार नाही. आभाळ निळंशार, वारा पडलेला, पंधरा दिवसांत नवा बर्फ नाही. अक्कांनी कडेला सुरक्षित जागी, त्याच दिशेच्या उतारावर खड्डा खणला, बर्फाचे थर बोटांनी चाचपले, एक चौकोनी तुकडा कापून त्यावर फावडं ठेवून वरून थापट्या मारल्या. तळाशी साखर होती, पण पातळ. तुकडा सहजी सुटत नव्हता. वाईट म्हणावं असं काही नाही, छान म्हणावं असंही नाही. आम्ही अर्धवर्तुळात उभे राहिलो. अक्का वानखेड्यांकडे वळल्या.

वानखेडे खूप वेळ त्या उताराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको."

माझ्या ओठांवर 'का?' आला होता आणि तो गिळायला मला कष्ट पडले. बाकीच्यांकडं बघितलं तर सगळे तेच गिळत होते. अक्कांनी एकदा खिंडीकडं बघितलं. आमच्याकडं पाठ होती, त्यामुळं चेहरा दिसला नाही. मग त्या वळल्या, म्हणाल्या, "सरी, ठीक. चला." आणि उतरायला लागल्या. वानखेडे अस्वलांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

खाली कुरणात आम्ही चहा करत होतो तेव्हा दुसरा एक गट आला. तरुण मुलं, मजेत होती. आमच्यासमोरून गेली, तो उतार सगळ्यांनी मिळून एका रांगेत पार केला आणि खिंडीत उभं राहून आम्हाला हात केले. काही सुटलं नाही. बर्फाचा गोळासुद्धा घरंगळला नाही. वानखेड्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते अक्कांजवळ येऊन बसले.

"अक्का, मी उगाच भ्यालो ना. त्या उताराकडे पाहिलं आणि नकोसंच वाटलं, दुसरं काहीच कारण..."

"कारण सांगायचं नाही," अक्कांनी तोडलं. "चहा घ्या." मग स्वतःच पुढं बोलल्या. "हे बघा, उतार काही बोलत नाही. ती पोरं गेली म्हणजे तो बरा होता असं नव्हं. टेस्टिंगमध्ये एकदा चाललं म्हणून आपण पास करतो काय? नाही ना? मग. सगळे एकदम गेले, सुटला असता तर काढायला कोण राहिलं होतं? त्यांना आज चुकीचं शिकायला मिळालं. मला त्यांची काळजी वाटते, तुमची नाही."

संध्याकाळी सूर्य जाता जाता अक्का तंबूपासून थोड्या लांब, खिंडीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी चहा घेऊन गेलो. त्या रडत होत्या, आणि मी आलो म्हणून त्यांनी थांबवलं नाही.

"वाईट वाटतंय की," त्या म्हणाल्या. "खूप वाटतंय. एवढं आयुष्य बघायचं होतं मला पलीकडचं. पण हे वाईट वाटणं माझं आहे, वानखेड्यांच्या गळ्यात नाही घालायचं." चहाचा घोट घेतला. "आज मी त्यांना का म्हणून विचारलं असतं, तर पुढच्या वर्षी कुणीच नको म्हटलं नसतं. मग एक दिवस खरे मामा गेले असते."

त्या क्षणी मला ही बाई फार मोठी वाटली. समोर बोललो नाही, बोललो असतो तर चहा अंगावर आला असता. इथं लिहितो.

अक्कांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया चांगली झाली. निवृत्ती घेऊन बेळगावला परत जायचंही ठरलं. पुढच्या डिसेंबरात आमचा गट निघाला तो वानखेड्यांच्या नेतृत्वाखाली. अक्कांनीच त्यांना नेमलं. आम्ही भुवया उंचावल्या, तर म्हणाल्या, "ज्याला नको म्हणता येतं त्यालाच पुढं करायचं असतं."

आम्ही ती खिंड ओलांडली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट फलाटावर करायचा आहे. त्या वर्षी पहिला बर्फच उशिरा पडला होता, खड्ड्यात तळाशी दाणे नव्हते, थर घट्ट होता. सगळ्यांत नवी होती केतकी, आमच्याच टेस्टिंगमधली. तिनं हो म्हटलं आणि कारणं दिली. मग बाकीच्यांनी, शेवटी वानखेड्यांनी. एकेक करून, बाकीचे डोळ्यांत तेल घालून बघताहेत, असे आम्ही पार झालो. पलीकडं एक लांबच लांब दरी होती, तळाशी गोठलेली नदी आणि नदीच्या वळणावर चार घरांचं गाव, त्यातल्या एका घरातून धूर निघत होता. फोनला रेंज मिळाल्यावर मी सगळ्यांत आधी पलीकडचा फोटो अक्कांना पाठवला. वाटलं, भरून येईल त्यांना. उत्तर आलं, 'आधी कोण बोललं? आणि हो का म्हटलं?' मी केतकीची सगळी कारणं लिहून पाठवली. बऱ्याच वेळानं दुसरं उत्तर आलं, 'धूर निघतोय की रे एका घरातनं.'

आता फलाट. निघायच्या दिवशी अक्का काठी टेकत यशवंतपूरला आल्या होत्या. अनिलभाऊ आमच्या सामानाजवळ. डोंगरात उताराखाली करायची तपासणी त्यांनी फलाटावरच करायला लावली. आम्ही ट्रान्सीव्हर बांधले, सुरू केले, आणि एकेक करून अक्कांच्या समोरून चालत गेलो. त्यांच्या हातातलं, शोधण्याच्या बाजूला वळवलेलं यंत्र प्रत्येकाच्या वेळी वाजायचं, त्या मान डोलवायच्या, पुढचा. हमाल, चहावाले, पोरांना घेऊन निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. वानखेडे शेवटी गेले. त्यांचा हात धरून अक्का म्हणाल्या, "पलीकडं काय आहे ते मला बघायचंय, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सांगते. माझ्यासाठी ओलांडायची नाही." वानखेड्यांनी मान हलवली. मग अक्कांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आता यंत्रं बंद करा, सेल फुकट जातात.

गाडी हलली. मी दारात होतो. अक्का काठी टेकत गाडीबरोबर थोडं चालल्या. एका हातात ते यंत्र, डोळे त्यावरच्या आकड्याकडं. दोन-तीन डब्यांपलीकडं त्याला काही ऐकू येत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. गाडीनं वेग घेतला तरी त्या यंत्र धरून उभ्याच होत्या. मी वळून आत बघितलं. वानखेडे छातीवर हात ठेवून बसले होते, केतकी खिडकीला चिकटलेली. सगळ्यांच्या यंत्रांचे लाल दिवे लुकलुकत होते. बंद कुणीच केलं नव्हतं.